आबाचं फक्त तिलाच कळायचं

"मॅडम, आबाला आज जरा ताप आहे हं," संचिता म्हणाली. खुर्चीतून उठलीसुद्धा नाही बया. तोंडात पोह्यांचा घास, एक हात डब्यावर, दुसरा माउसवर, आणि जाता जाता टाकावं तसं वाक्य. मायाने अजून पर्स खांद्यावरून उतरवली नव्हती. कंपनीची बस शीळफाट्याला रखडली होती, त्यात उशीर झालेला, आणि चहाच्या आधी थंड खोलीत जाऊन आबाची विचारपूस करायची ही तर तिची रोजची रीत. ती खुंटीवरची शाल ओढून आत गेली, आबाच्या पोटातून तो जुना कीबोर्ड बाहेर खेचला, एका दमात ती आज्ञा टाइप केली आणि बघत राहिली. उत्तर आलं. आबा खरंच तापला होता. मागचा पंखा धुळीने जड झाला की तो असाच तापतो, हे तिला माहीत होतं, तिलाच माहीत होतं. एरवी ही बातमी या खोलीतून बाहेर न्यायची ती मायाने, आणि बाहेरच्यांनी माना हलवायच्या. आज बातमी तिच्या आधी बाहेर पोचली होती, तीही पोहे खाणाऱ्या पोरीकडे.

आबा म्हणजे माणूस नव्हे. वागळे इस्टेटमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर लोकांचा डेटा सांभाळायचं काम चालायचं. कुठल्या इस्पितळाचे एक्स-रे, कुठल्या पतपेढीचे व्यवहार, एका शाळेचे निकाल. सगळं एका गारठलेल्या खोलीत, माणसाहून उंच कपाटांत, डिस्कांच्या रांगांवर. नव्या कपाटांना नुसते नंबर होते. जुन्या, कोपऱ्यातल्या, सुरू होताना घसा खाकरणाऱ्या कपाटाला मायाने आबा म्हणायला सुरुवात केली आणि मग साईनाथ सरांपासून सफाईवाल्यापर्यंत सगळे आबाच म्हणू लागले. आबाला बनवणारी कंपनी दुसरीने विकत घेतली, दुसरीला तिसरीने गिळलं, पुस्तकं गेली, शिकवणारे गेले. राहिली माया. आबाच्या आज्ञा कुठल्याच दुसऱ्या कपाटाला कळत नसत आणि दुसऱ्यांच्या आबाला कळत नसत. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर तो गप्प बसायचा, आणि त्या गप्प बसण्याचेही प्रकार होते. रागावलेला गप्प वेगळा, कामात असलेला गप्प वेगळा. दिराच्या लग्नात हातावर मेंदी ओली असताना फोन आला होता, "मॅडम, आबा बोलत नाहीये," तेव्हा जाऊबाईंनी कानाशी फोन धरला आणि मायाने मांडवात उभ्या उभ्या एकेक अक्षर सांगून आबाला बोलता केला. रतन, तिचा नवरा, पाहुण्यांना सांगत सुटला होता की आमच्या हिच्यावाचून ठाण्यात पान हलत नाही. माया लाजली होती, आणि ते वाक्य आजवर पुरवून पुरवून खात आली होती.

बाहेर येऊन तिने विचारलं, "तुला गं कसं कळलं?" आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"स्क्रीनवर दिसतंय की, मॅडम. कालपासून बोलायला लागला तो. तुम्ही गेलात ना, त्यानंतर झालं." संचिताने खुर्ची सरकवून जागा करून दिली. "म्हणजे फुल नाही बोलत अजून, पण बेसिक सांगतो. जागा किती, गरम किती, बरंय की नाही. बघा ना."

स्क्रीनवर एक तक्ता होता. कपाटांची नावं एकाखाली एक, आणि सगळ्यात खाली, बाकीच्यांसारख्याच अक्षरात, आबा. त्याच्यापुढे तेच रकाने जे इतरांपुढे होते. मायाने ती ओळ पुन्हा वाचली. खोटं कशाला बोला, तिला वाटला तो मत्सर होता, चांगला रसरशीत, आणि तिने त्याला लगेच ओळखलंही. रतन एखाद्या बाईशी चार शब्द जास्त हसून बोलला असता तर तिने खुशाल दुर्लक्ष केलं असतं. पण आबाने, तिने विचारलं तरच, तिच्याच भाषेत विचारलं तरच तोंड उघडणाऱ्या आबाने, काल संध्याकाळी या पोरीला सगळं सांगून टाकावं? आणि काय सांगितलं, तर इतरांच्याच शब्दांत. एक वेगळा शब्दही त्याने राखून ठेवला नाही.

हे होणार हे काय तिला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. कपाटं बनवणाऱ्या कंपन्या कित्येक वर्षांपूर्वीच एकत्र बसल्या होत्या. भांडत, एकमेकींवर डोळे वटारत, त्यांनी एक सामाईक नियमावली केली होती. कुठल्याही कपाटाला कोणीही विचारलं तर त्याने काय काय सांगायलाच हवं, कोणत्या शब्दांत सांगायचं, दुखणं असेल तर कुठली पायरी म्हणायची. नवी कपाटं जन्मतः ती बोली बोलत. आबासारख्या जुन्यांसाठी मध्ये एक दुभाषा बसवायचा, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, जो त्याचं बोलणं सगळ्यांच्या बोलीत फिरवून देतो. तो दुभाषा आबाच्या कंपनीने आबाबरोबरच दिला होता. त्याची सीडी मायाच्या खालच्या खणात, स्टीलच्या चमच्यांच्या आणि चहाच्या पुड्यांच्या खाली होती. आणि मागच्या मीटिंगमध्ये संचिताने विचारलं, "आबाला पण स्टॅण्डर्डवर आणता येईल का?" तेव्हा माया शांतपणे म्हणाली होती, "त्याला नाही जमत ते. वय झालंय त्याचं." सरांनी मान हलवली. मायाचं आबाविषयीचं बोलणं कोण खोडून काढणार? पण पोरगी चिवट. तिने जगाच्या कुठल्या टोकाला कुणा निवृत्त इंजिनिअरला मेल टाकून तो प्रोग्राम मिळवला.

अकराच्या सुमाराला साईनाथ सर बाहेर आले आणि म्हणाले, "एक आनंदाची बातमी आहे." माया तेव्हाच समजली की ती तिच्या आनंदाची नसणार. नियमावलीच्या पुढच्या आवृत्तीवर काम करणाऱ्या गटात संचिताला घेतलं होतं. तिने एक शंका विचारली होती, जुन्या कपाटांच्या दुखण्याच्या पायऱ्या नव्या बोलीत कशा बसवायच्या अशी काहीतरी, आणि ती शंका मसुद्यात आली होती. शिवाय पुढच्या महिन्यात बंगळुरूला सगळ्या कंपन्या आपापली कपाटं घेऊन येणार, एकमेकांशी बोलून बघणार, कोणाचं कुठे अडतं ते तपासणार, तिथेही ती जाणार. "आपल्या वागळे इस्टेटची पोरगी!" सर म्हणाले. टाळ्या झाल्या. मायानेही वाजवल्या, बऱ्याच वेळ वाजवल्या, सगळ्यांच्या थांबल्या तरी तिचे हात चालूच होते. संचिताने तिच्याकडे बघून म्हटलं, "आबाची शंका होती ती, मॅडम. खरं तर तुमचीच." हे ऐकून तर तिच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. तुमचीच म्हणे! तिने कधी विचारली होती? तिला शंका पडतच नसत आबाविषयी. तिला कळायचं.

संध्याकाळी बस पुन्हा शीळफाट्याला अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, खिडकीबाहेर सगळ्या दिशांना जाणारी आणि कुठेच न जाणारी वाहनं. माया डोळे मिटून बसली. डोळ्यांपुढे तो तक्ता येत राहिला, आणि त्याच्यामागून, तिची इच्छा नसताना, सासूबाईंचा पलंग. केशरबाई. कोपरच्या विहारात दर रविवारी वंदना सांगायच्या त्या. भरदार, थेट शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा गळा. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली ती बरीचशी परत आली, वाचा मात्र आली नाही. गंमत बघा, वंदना त्या आजही सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणत, एक अक्षर न चुकता. पण पाणी हवं असलं तर 'पाणी' म्हणता येत नसे. "ता ता" म्हणत, हात उडवत, आणि कुणाला कळलं नाही की डोळ्यांत पाणी आणत. रतनला कळत नसे. दिवसभर त्यांना सांभाळायला येणाऱ्या भीमाबाईला कळत नसे. पोटची पोरगी जया, कळव्याहून धावत यायची, तिलाही कळत नसे. कळायचं ते फक्त मायाला.

कसं, ते तिला सांगता आलं नसतं. भुवईवरून, श्वासावरून, 'ता'च्या लांबीवरून. पहिल्या महिन्यात इस्पितळात डॉक्टर थकले आणि माया मागून म्हणाली, "उशी टोचतेय त्यांना." उशी काढली आणि केशरबाई गप्प झाल्या. सगळे मायाकडे बघत राहिले. त्या दिवसापासून घरात तिचा भाव वाढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंनी तिला कधी जवळ घेऊन 'बरं केलंस गं' म्हटलं नव्हतं. त्यांचा सगळा जीव जयावर. जया आली की दोघी आतल्या खोलीत कुजबुजत आणि माया ओट्याशी. आता त्याच केशरबाई दाराकडे डोळे लावून तिची वाट बघत. पाहुणे आले की त्या "ता ता ता" करत आणि माया सांगे, "विचारतायत, पोरीचं कॉलेज कसं चाललंय." पाहुणे थक्क होत. कधी कधी माया पदरचंही थोडं घाले. केशरबाईंनी नुसता हात हलवला असला तरी ती म्हणे, "म्हणतायत, जेवल्याशिवाय जायचं नाही." त्यात काय बिघडतं? पाहुणे खूश, त्याही हसत. हसत असाव्यात.

जया प्रत्येक भेटीत विचारायची, "आई, कळव्याला येतेस माझ्याकडे? थोडे दिवस?" केशरबाई काहीतरी म्हणायला लागत आणि माया त्यांचं पुरं व्हायच्या आत सांगून टाके, "नको म्हणतायत गं. इथली सवय झालीय." जयाचा चेहरा उतरे. मग ती आईचा हात कुरवाळून म्हणे, "वहिनी, तुम्हालाच कळतं तिचं." हे वाक्य ऐकलं की मायाला आतून गार वाटायचं. बसमध्ये तिला ते आठवलं आणि पहिल्यांदाच गार वाटलं नाही. तिला दिसला तो तक्ता. दुसरा तक्ता. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी जयाकडे दिलेला, प्लॅस्टिकमध्ये मढवलेला. पाणी, चहा, दुखतंय, शौचाला, घरच्यांचे छोटे फोटो, घरांची चित्रं आणि खाली दोन मोठे चौकोन, हो आणि नाही. जया केवढ्या उत्साहाने घेऊन आली होती. ती गेल्यावर मायाने तो एकदा केशरबाईंपुढे धरला होता. त्यांचा डावा हात हळूच वर आला, बोट पुढे झालं, थरथरत एका चौकोनाकडे निघालं. माया ते बोट पोचायच्या आत उठली होती. दूध उतू जातंय असं काहीतरी म्हणाली होती. तक्ता कपाटावर गेला, आणि जयाला फोनवर सांगितलं, "त्यांना नाही जमत गं ते. चिडतात." कंटेनर हलला, बस हलली, आणि मायाने हा विचार तिथेच शीळफाट्याला सोडून दिला.

पण आबाने सोडलं नाही. दोन दिवसांनी दुपारी संचिता तिच्या टेबलाशी आली. खाली वाकून, हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एक मिनिट येता? एकट्याच या." स्क्रीनवर तोच तक्ता, पण आबाच्या ओळीला लाल रंग. नियमावलीत दुखण्याच्या मोजक्याच पायऱ्या होत्या. ठीक, सावध, गंभीर. आबा म्हणत होता, गंभीर.

"अगं, त्याचं ते असतंच," माया हसून म्हणाली. "पिवळा दिवा लागतो त्याचा रोज सकाळी. मी जाऊन घालवते. बसवायला आलेला इंजिनिअरच म्हणालेला, ये तो ऐसेही बोलता है, क्लिअर कर दिया करो." रोज सकाळी, चहाच्या आधी, शाल गुंडाळून ती हेच तर करायला जात होती. आबाच्या पाठीवरचा पिवळा दिवा बघायचा, ती लहानशी आज्ञा द्यायची, दिवा हिरवा व्हायचा. आबाचं तोंड धुणं, म्हणायची ती त्याला.

"सुरुवातीला ते बरोबर असेल," संचिता म्हणाली. "तेव्हा बॅटरीचं होतं ते, खरंच काही नव्हतं. पण हे बघा." तिने त्या लाल ओळीवर टिचकी मारली आणि आतलं पान उघडलं. आबाला दोन मेंदू होते. जे लिहायचं ते एकाने घ्यायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याला सांगून ठेवायचं, म्हणजे एक कोसळला तरी दुसऱ्याकडे असतं. दुसऱ्या मेंदूने ऐकणं कधीच बंद केलं होतं. पहिला एकटाच धावत होता. इस्पितळाचे एक्स-रे येत होते, आणि त्या क्षणी पहिला कोसळला असता तर वाटेतले सगळे गेले असते, कुणाच्या छातीचे, कुणाच्या मोडलेल्या पायाचे. "दिवा दोन्ही दुखण्यांना एकच आहे. पिवळा. म्हणून कळायला मार्ग नव्हता. तो रोज सांगत होता, मॅडम. आपण रोज बंद करत होतो."

आपण! त्या 'आपण'ने माया जितकी पोळली तितकी शिवीने पोळली नसती. पानावर प्रत्येक सकाळच्या नोंदीपुढे तिचंच लॉगिन होतं, आणि ही पोरगी आपण म्हणत होती. "सरांना सांगितलंस?" तिने विचारलं. "सांगितलं. म्हटलं, जुन्या दिव्यामुळे झालं, स्टॅण्डर्ड नसल्यामुळे. तुमचं नाव नाही घेतलं. का घेऊ?" संचिताच्या चेहऱ्यावर खरोखरीची काळजी होती. मायाला तिच्या तोंडात मारावीशी वाटली. जळायला नीटसं कारणच सापडत नव्हतं. नुसती हुशार असती तर घमेंडखोर म्हणता आलं असतं. ही चांगलीसुद्धा होती. "बरं केलंस," माया म्हणाली आणि थंड खोलीत गेली. शाल न घेताच गेली. आबासमोर उभी राहिली. तो घरघरत होता, नेहमीसारखा, आणि तिला त्या घरघरीतलं काहीएक कळेना. इतकी वर्षं ती जे ऐकत आली ते आबाचं होतं की आपलंच, अशी शंका तिला पडली. रडली ती थोडी. गारठ्यात अश्रू लगेच गार होतात, ते बोटाने पुसले. शनिवारी आबावरचं सगळं नव्या कपाटात हलवायचं ठरलं आणि ते काम त्या दोघींनी मिळून केलं. माया सांगेल ते संचिता करत गेली, "मॅडम, तुम्ही आहात म्हणून," असं दोनदा म्हणाली, आणि एकही एक्स-रे गेला नाही.

रविवारी जया आली. नेहमीप्रमाणे येताना कळव्याच्या बाजारातून बोंबील घेऊन आली, नेहमीप्रमाणे चपला काढता काढता "आई, कशी आहेस गं" म्हणाली, आणि केशरबाई पलंगावर उठून बसायची धडपड करू लागल्या. रतन पेपर घेऊन दिवाणावर बसला होता. माया स्टुलावर चढली आणि कपाटावरचा तक्ता काढला. का काढला, हे तिला विचारू नका. दोन दिवस आबाचा तो दिवा डोळ्यांपुढे होता, हे खरं. पण हेही खरं की मनात एक दुष्ट आशा होती, की त्यांना खरंच जमणार नाही, बोट भलतीकडे जाईल, त्या चिडतील, आणि जया म्हणेल, राहू दे वहिनी, तुम्हीच सांगा. तिने ओल्या फडक्याने धूळ पुसली आणि तक्ता जयाच्या हातात दिला. "बघ बाई. आज जमतं का."

जमलं. चांगलं पटकन जमलं. जयाने लहान मुलाला विचारावं तसं विचारायला सुरुवात केली आणि केशरबाईंचं डावं बोट, थांबत, थरथरत, पण सरळ जाऊन पोचू लागलं. चहा? हो. आत्ता? नाही. मग बोट आपणहून उठलं आणि 'दुखतंय'वर गेलं. "कुठं दुखतंय, आई?" बोट उजव्या खांद्यावर. जयाने हळूच खांदा दाबला आणि केशरबाई कळवळल्या. "कधी दुखतं? उठवताना?" हो. "आंघोळीला उठवतात तेव्हा?" हो, हो. माया भिंतीला टेकली. आंघोळीच्या वेळी रोज त्या "ता ता" करून ओरडत, आणि ती रोज बादलीत गार पाणी ओतून म्हणे, "झालं, झालं, कोमट केलं बघा." महिनोन्महिने पाणी कोमट करत आली होती ती. आणि काखेत हात घालून त्याच खांद्याने उचलत.

"बघ की रे दादा!" जयाचा आवाज चढला होता. "बोलतेय ती! अरे, किती दिवस..." पुढचं तिने गिळलं. वहिनीला लागेल म्हणून गिळलं असणार. रतन पेपर टाकून पुढे आला होता, त्यालाही विचारायचं होतं काहीतरी, त्यालाही आज आईशी बोलायचं होतं. दोघं भावंडं पलंगावर दोन बाजूंना बसली आणि मधल्या तक्त्यावर वाकली. माया आपल्याच घरात पाहुण्यासारखी उभी. तिच्या मनात आलं, आता जया विचारणार. आणि जयाने विचारलं.

"आई, कळव्याला यायचंय का माझ्याकडे?"

केशरबाईंनी श्वास घेतला. बोट उठलं आणि 'हो'वर गेलं. ठामपणे गेलं, नखाचा आवाज झाला प्लॅस्टिकवर. मग त्यांनी मान वर केली आणि मायाकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. त्या डोळ्यांत काय होतं ते मायाला कळलं, आणि या खेपेला आपण आपलंच ऐकत नाही, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. केशरबाई घाबरल्या होत्या. सुनेला. सुनेचं मन मोडण्याला, किंवा ती चिडून उद्या त्याच खांद्याने उचलेल याला. बोट 'हो'वरून सरकलं, मधल्या रिकाम्या जागेत थांबलं, आणि 'नाही'वर जाऊन टेकलं.

"हो की नाही, आई?" जया गोंधळली. पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच झालं. हो, मग मायाकडे नजर, मग नाही. "हात हलतोय तिचा," रतन म्हणाला. "दमली असेल." जयाने मागे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत काही डाव नव्हता, ती साधेपणानेच म्हणाली, "वहिनी, काय म्हणतेय ती? तुम्हीच सांगा. तुम्हाला कळतं."

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. पुन्हा एकदा, आणि हे शेवटचं, हे तिला कळत होतं. काही अवघड नव्हतं. नको म्हणतायत, इथली सवय झालीय. जिभेवर तयारच होतं. तक्त्यावरचं बोटही 'नाही'वरच होतं, कुणी खोटं म्हटलं नसतं. जया उतरलेल्या चेहऱ्याने निघून गेली असती आणि संध्याकाळी केशरबाईंनी दाराकडे डोळे लावून तिची, फक्त तिची वाट बघितली असती. मायाला जया सहन होत नव्हती. तिचे ते ओले डोळे, तिची आई, आईचं ते पटकन 'हो'वर गेलेलं बोट. एवढं सगळं करून, एवढी उठबस करून, विचारल्याबरोबर हो? तिच्या अंगाची लाही झाली. आणि त्या रागातच, दात आवळून, ती म्हणाली, "यायचंय त्यांना. कळव्याला यायचंय. माझ्याकडे बघून नाही म्हणतायत."

जयाने आईला मिठी मारली आणि मोठ्याने रडू लागली. रतन मायाकडे बघत होता, काहीतरी चांगलं म्हणणार होता, तिने हातानेच त्याला थांबवलं. चांगलं आता कुणीही काही म्हणू नये. ती आत गेली, केशरबाईंची पातळं काढली, गोळ्यांची डबी काढली, खांद्याचं मलम शोधलं आणि सगळं पिशवीत भरत राहिली. बाहेर जया विचारत होती, रतन विचारत होता, मध्येच हसत होते. ती पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा केशरबाई पुन्हा काहीतरी सांगत होत्या. या वेळी त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. बोट तक्त्यावर होतं, आणि भावंडं त्यावर वाकली होती. काय म्हणतायत ते बघायला मायाही पुढे झाली. पलंगाशी जागा उरली नव्हती, तेव्हा ती जयाच्या मागे, टाचा उंचावून उभी राहिली.